दुसरा सिलिंडर त्याच बंदुकीचा हवा

वाचकाचं पत्र :

नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. मागच्या वर्षी आम्हा दोघांचं ग्रीन कार्ड आलं. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या घरचं अ‍ॅबिलीनच्या बाजूला रँच आहे. अधूनमधून तिकडे गेलो की त्याच्या बंदुकीने डबे उडवतो. आता स्वतःचं रिव्हॉल्व्हर घ्यावंसं वाटतंय. सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता गोल भाग) बदलला की दुसऱ्या जातीचं काडतूस चालतं अशी रिव्हॉल्व्हरं असतात हे कळल्यापासून तेच डोक्यात बसलंय. एका पैशात दोन बंदुका! समोर दोन पर्याय आहेत. सहकारी त्याच्या काकांचं १९६०च्या दशकातलं रूगर कंपनीचं .२२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप, इंचात) सिंगल-सिक्स ३५० डॉलरला देतोय. त्याला एकच सिलिंडर आहे, पण .२२ मॅग्नमचा (त्याच मापाच्या जास्त जोरकस काडतुसाचा) सिलिंडर ऑनलाइन सुटा मिळतो. दुसरा पर्याय म्हणजे दुकानातलं नवं रूगर ब्लॅकहॉक, .३५७ मॅग्नम आणि ९ मिलिमीटर असे दोन सिलिंडर असलेलं. रँचवर रॅटलस्नेक (विषारी साप) निघतात, शिवाय घरात संरक्षणालाही होईल. दिवाळीनंतर बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत. ते सैन्यातून निवृत्त झालेत, गावी त्यांच्याकडे परवान्याचं .३२ आहे. त्यांनाही रँचवर न्यायचंय. बायकोचा मात्र विरोध आहे, कारण मुलगा सहा वर्षांचा आहे. काय घेऊ?
— डॅलसमधला सातारकर

उत्तर :

सातारकर,

सहकाऱ्याला अजून पैसे दिले नसतील तर जरा थांबा, आणि त्या ऑनलाइन सिलिंडरचा विचार तर आजच सोडा. काकांचं रिव्हॉल्व्हर वाईट आहे असं मी म्हणत नाही. कदाचित छान असेल. पण तुम्हाला हवी ती वस्तू ते नाही, आणि सुटा सिलिंडर जोडून ती होणारही नाही.

कारण यंत्रातच आहे. पिस्तुलात किंवा रायफलीत काडतूस नळीच्याच मागच्या टोकात बसतं. रिव्हॉल्व्हरमध्ये ते सिलिंडरच्या भोकात बसतं आणि नळी त्याच्यापुढे वेगळी असते. तुम्ही घोडा (मागचा हॅमर) मागे ओढता तेव्हा आतला एक छोटा हात सिलिंडरच्या पाठीवरच्या दात्याला ढकलतो, सिलिंडर एक घर फिरतो आणि खालून एक खुंटी वर येऊन त्याच्या खाचेत बसते. त्या क्षणी भोक आणि नळी एका रेषेत हवीत. सहाही भोकं, प्रत्येक वेळी. किंचित चुकलं तर गोळी नळीच्या तोंडाला घासत आत शिरते आणि शिशाचा कीस बाजूने उडतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या गालाला तो चांगलाच जाणवतो. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फटही मोजूनमापून ठेवलेली असते, साधारण पाच-सहा हजारांश इंचाची. फट फार कमी असेल तर दहा-वीस बारांच्या काजळीने सिलिंडर अडकायला लागतो, जास्त असेल तर गॅस वाया जातो आणि भडका बाहेर दिसतो. मागच्या बाजूला काडतुसाचं बूड आणि फ्रेम (बंदुकीचा मुख्य सांगाडा) यांच्यातली जागा हे तिसरं माप. तेही जमावं लागतं, नाहीतर घोडा पडतो पण बार होत नाही.

म्हणून दोन सिलिंडरचा संच विकताना कारखाना जादा सिलिंडर त्याच फ्रेममध्ये बसवून तपासतो. रूगरच्या जादा सिलिंडरचं पुढचं तोंड उजेडात धरून पाहा. त्यावर बारीक खरवडल्यासारखे तीन आकडे दिसतील. ते त्या रिव्हॉल्व्हरच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे. पूर्वी हा सिलिंडर लाल कापडाच्या छोट्या पिशवीत घालून द्यायचे आणि जुन्या मालात ती पिशवी हमखास हरवलेली असते. पिशवी गेली तर जाऊ दे, आकडे जुळले पाहिजेत.

मग ऑनलाइन एवढे सुटे सिलिंडर येतात कुठून? अमेरिकेच्या संघीय कायद्यात रिव्हॉल्व्हरची फ्रेम म्हणजे ‘फायरआर्म’. सिलिंडर हा नुसता सुटा भाग, त्यामुळे तो फॉर्म न भरता टपालाने घरी येतो. आजोबा जातात, नातवंडं बंदूक एकाला विकतात आणि कपाटाच्या तळाशी सापडलेला सिलिंडर लिलावात दुसऱ्याला. तुम्हाला जो मिळेल तो कुणाच्या तरी दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरसाठी तपासलेला असेल. नशीब असेल तर तुमच्यात चपखल बसेलही. बसल्यासारखा वाटून एकाच भोकाशी चुकत असेल तर ते कळायला गनस्मिथ (बंदुकांचा कारागीर) लागतो. तो सळई घालून सहाही भोकं नळीशी ताडून बघेल, फट मोजेल, गरज पडली तर दाते घासेल आणि त्याचे पैसे घेईल. ३५० डॉलर, त्यात सिलिंडरची किंमत, त्यात त्याची मजुरी. नाकापेक्षा मोती जड.

काकांच्या सिंगल-सिक्सची आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. हे मॉडेल १९५३ सालचं. .२२ मॅग्नम काडतूस विंचेस्टरने आणलं १९५९ मध्ये. म्हणजे सुरुवातीची सिंगल-सिक्स बनली तेव्हा मॅग्नम नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं. दोन सिलिंडरचे संच नंतर सुरू झाले आणि तेव्हा नळीचं मापही दोन्ही काडतुसांना चालेल असं ठेवलं गेलं. तुमचं रिव्हॉल्व्हर नेमकं कोणत्या सालचं हे क्रमांकावरून कळेल. ते कळेपर्यंत त्यात मॅग्नम घालायचा प्रश्नच येत नाही.

दुसरं, त्या काळच्या सिंगल-सिक्समध्ये घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसतो. फ्रेमची उजवी बाजू बघा. चापाच्या (ट्रिगरच्या) वरच्या भागात तीन स्क्रू दिसले तर ते जुनं मॉडेल. तिथे घोडा खाली असताना त्याचा भार फायरिंग पिनवर (काडतुसाला टोचून बार करणाऱ्या खिळ्यावर) आणि पिनचं टोक काडतुसावर टेकलेलं असतं. कमरेवरून निसटून दगडावर घोड्याच्या बाजूने पडलं तर बार होऊ शकतो. म्हणून जुनी माणसं त्यात पाचच भरायची : एक भरा, एक घर सोडा, चार भरा, घोडा पूर्ण मागे ओढून अंगठ्याने अलगद खाली सोडा, म्हणजे रिकामं घर घोड्याखाली येतं. १९७३ पासूनच्या ‘न्यू मॉडेल’मध्ये ट्रान्सफर बार आला. चाप पूर्ण दाबलेला नसेल तर घोड्याचा धक्का पिनपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे सहाच्या सहा भरता येतात. जुन्या मॉडेलांना अशीच सोय रूगर फुकट बसवून देतं आणि काढलेले मूळ भाग परत पाठवतं. हौशी संग्राहक ते भाग जपतात, कारण त्यांच्यासह किंमत जास्त येते. काकांचं रिव्हॉल्व्हर घ्यायचंच ठरलं तर ही सोय बसवलीय का एवढं विचारा, .२२ चं साधं एका सिलिंडरचं रिव्हॉल्व्हर म्हणून घ्या आणि तसंच वापरा. ३५० डॉलर त्यासाठी जास्त नाहीत.

आता मॅग्नम आणि साध्या .२२ च्या जोडीबद्दल. तुमच्या हातात दोन्ही काडतुसं ठेवली तर फरक लगेच दिसेल. साधं .२२ लाँग रायफल १८८७ पासूनचं. त्यात शिशाची गोळी आणि पितळी पुंगळी बाहेरून एकाच जाडीची असतात. गोळीचं बूड निमुळतं करून पुंगळीत खोचलेलं असतं. मॅग्नममध्ये गोळी अख्खी पुंगळीच्या आत बसते, त्यामुळे पुंगळी जाड. गोळ्या जवळपास सारख्याच, .२२३ आणि .२२४ इंच. पण पुंगळ्या .२२६ आणि .२४२. म्हणूनच नळी एक चालते आणि सिलिंडर मात्र दोन लागतात. ही जोडी खरोखर जमलेली आहे, ओढूनताणून जुळवलेली नाही.

याच आकड्यांत एक धोकाही आहे. मॅग्नमचं काडतूस साध्या सिलिंडरमध्ये जाणारच नाही, तिथे चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. उलट साधं .२२ मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये आरामात जातं, पण ढिलं बसतं. बार केला की पातळ पितळ त्या मोकळ्या जागेत फुगतं, पुष्कळदा उभं फाटतं आणि गरम गॅस मागे येतो. कधी कधी काहीच होत नाही, फुगलेली पुंगळी तेवढी निघते, आणि मग लोक ‘चालतं की’ म्हणून सांगत फिरतात. तुमच्या सहकाऱ्यानेही सांगितलं तर ऐकू नका. रँचवर दोन जातींच्या काडतुसांचे डबे एकाच पिशवीत नेऊ नका. सिलिंडर बदलला की आधीची उरलेली काडतुसं खिशातून काढून गाडीत ठेवायची, मग नव्या डब्याला हात लावायचा.

मॅग्नम हवंच कशाला, हाही प्रश्न स्वतःला विचारा. साध्या .२२ च्या पन्नासच्या डब्याच्या किमतीत मॅग्नमची जेमतेम पंधरा काडतुसं येतात. वेग जास्त, आवाज जास्त आणि रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीतून जाळही जास्त. रायफलीच्या लांब नळीत मॅग्नमला जो फायदा मिळतो, तेवढा इथे मिळत नाही. ससे, कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) वगैरेंच्या मागे जाणार असाल तर मॅग्नम कामाचं. डबे पाडायला साधंच बरं. माझ्या ओळखीत ज्यांच्याकडे असे संच आहेत, त्यांतल्या बहुतेकांचा मॅग्नम सिलिंडर वर्षातून एकदा पाहुण्यांना दाखवायला बाहेर येतो. तरीही कारखान्यातूनच जोडी येत असेल तर घ्या म्हणेन, कारण .२२ मध्ये दुसऱ्या सिलिंडरसाठी फार पैसे मोजावे लागत नाहीत आणि नंतर तो हवासा वाटला तर काय कटकट होते ते वर सांगितलंच.

एक मात्र लक्षात असू द्या. दोन्ही सिलिंडरच्या गोळ्या एकाच जागी लागत नाहीत. नेम तोच धरला तरी मॅग्नमची गोळी वर-खाली किंवा बाजूला जाते. मागची साइट (नेम धरायची खोबण) स्क्रूने हलवता येणारी असेल तर जुळवून घेता येतं, पण दर वेळी सिलिंडरबरोबर साइट फिरवत बसणं कुणाच्याच्याने होत नाही. साध्या .२२ वर साइट कायमची बसवा आणि मॅग्नम किती सरकतं ते कागदावर मारून पाहून ठेवा. पक्की खोबण असलेल्या स्वस्त रिव्हॉल्व्हरमध्ये तर तेवढंच हातात असतं.

आता ब्लॅकहॉक. .३५७ मॅग्नम १९३५ चं रिव्हॉल्व्हरचं काडतूस, बुडाला रुंद कडा असलेलं. ९ मिलिमीटर १९०२ चं जर्मन पिस्तुलाचं, तशी कडा नसलेलं. ते सिलिंडरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकून बसतं. .३५७ ची गोळी .३५७ इंच, ९ मिलिमीटरची .३५५. दोन हजारांशाचा फरक म्हटलं तर काहीच नाही, पण गोळी नळीच्या आट्यांना (आतल्या पीळदार खाचांना) तितकीशी घट्ट धरत नाही आणि त्या आट्यांचा पीळही ९ मिलिमीटरच्या हिशोबाने दिलेला नसतो. काही ब्लॅकहॉक ९ मिलिमीटर सुरेख मारतात, काही छत्रीएवढा विखुरलेला गट (कागदावरच्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) देतात. घरी आणून मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. मग लोक ते घेतात का? ९ मिलिमीटर सगळीकडे मिळतं आणि .३५७ पेक्षा खूप स्वस्त पडतं म्हणून. ज्याच्या घरात ९ मिलिमीटरचं पिस्तूल आहे आणि काडतुसांच्या पेट्या भरून ठेवल्यात, त्याला ही जोडी परवडते. तुमच्याकडे दोन्ही नाही. तुम्ही साधं .३५७ चं रिव्हॉल्व्हर घेतलं तर त्याच सिलिंडरमध्ये .३८ स्पेशल चालतं. ते .३५७ पेक्षा आखूड पण त्याच जाडीचं, हळू, कमी धक्क्याचं. सिलिंडर न बदलताच दोन काडतुसं झाली. फक्त .३८ भरपूर मारल्यावर भोकात काजळीचं एक कडं जमतं, ते ब्रशने साफ केल्याशिवाय लांब .३५७ पूर्ण आत जात नाही.

(.४५ कोल्ट आणि .४५ एसीपी अशीही जोडी येते. गोळ्यांच्या मापाच्या दृष्टीने ती ९ मिलिमीटरवाल्या जोडीपेक्षा चांगली जमते. पण नवख्या हाताला .४५ देऊन मला तुमची हौस मारायची नाही.)

घरच्या संरक्षणाचं म्हणाल, तर ब्लॅकहॉक काय किंवा सिंगल-सिक्स काय, दोन्ही सिंगल-अ‍ॅक्शन. प्रत्येक बाराआधी अंगठ्याने घोडा ओढायचा. रिकाम्या पुंगळ्या मागची झडप उघडून सळईने एकेक ढकलून काढायच्या, नवं काडतूस एकेक भरायचं. रानात निवांत बसून हे करताना मजा येते, रात्री दोन वाजता अंधारात येणार नाही. एकाच खरेदीत डबे, साप आणि चोर हे तिन्ही बसवायला गेलात की तिन्हींना अर्धवट लागू पडेल असं काहीतरी घरी येतं. घराचा विचार वेगळा करा, वेगळ्या दिवशी करा, आणि बायकोला शेजारी बसवून करा.

सापाचं तर सोपं आहे. रॅटलस्नेक दिसला की चार पावलं मागे व्हा, तो आपल्या वाटेने जातो. त्याला मारायला किंवा हुसकायला जवळ गेल्यानेच पुष्कळ जणांना डंख होतो. दगडाळ जमिनीवर जवळून साधी गोळी झाडली तर ती उसळून कुणीकडेही जाते. रँचवरची माणसं यासाठी छर्ऱ्यांचं .२२ ठेवतात, गोळीच्या जागी निळसर प्लास्टिकची टोपी आणि आत बारीक छर्रे. तेही कुंपणाच्या दाराशी, कुत्रा किंवा वासरू अडकलं असेल तेव्हा.

म्हणून माझं म्हणणं : नवं .२२, कारखान्यातून दोन सिलिंडरसह, हलवता येणाऱ्या साइटचं. रूगरचं सिंगल-सिक्स कन्व्हर्टिबल (दोन सिलिंडरवालं) आजही बनतं, पण सातशे-आठशे डॉलरच्या घरात जातं. २०२३ मध्ये त्यांनीच सुपर रँग्लर आणलं. पोलादी फ्रेम, दोन्ही सिलिंडर, साइट हलणारी आणि छापील किंमत तेव्हा ३२९ डॉलर. काकांच्या जुन्यापेक्षाही कमी! फिनिशिंग सिंगल-सिक्ससारखं चकचकीत नाही, रंग थापल्यासारखा दिसतो, पण तुमच्या कामाला मी तेच घेईन. हेरिटेज कंपनीचं रफ रायडर दोनशेच्या आतबाहेर दोन सिलिंडरसह मिळतं. मिश्रधातूची फ्रेम आणि डाव्या बाजूला एक वेगळा सेफ्टीचा खटका, जो जुन्या धाटणीच्या शौकिनांना बघवत नाही. चालतं ठीक, पण तासाभरानंतर सुपर रँग्लरचा भरीवपणा हाताला कळतो. टॉरस कंपनीचं ९९२ ट्रॅकर हा वेगळा प्रकार : डबल-अ‍ॅक्शन (चाप ओढला की घोडा आपोआप मागे जातो), नऊ घरं, सिलिंडर बाजूला उघडतो आणि एक बटण दाबलं की अख्खा निघून दुसरा बसतो. बोटं पटापट शिकतात, पण त्याचा चाप जड आहे. दुकानात रिकामं हातात घेऊन, दुकानदाराला विचारून, दोन-चारदा ओढून बघा आणि मग ठरवा.

आता तुमच्या पत्रातला भाग ज्याने मला खरी काळजी लागली. बाबा.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. व्हिजिटर व्हिसा त्यातच येतो, एच-१बी हा नोकरीचा व्हिसासुद्धा त्यातच येतो. ‘बाळगणं’ म्हणजे मालकीच लागते असं नाही. रँचवर तुमचं रिव्हॉल्व्हर दहा मिनिटं हातात घेऊन डबा पाडला तरी त्यात धरलं जाऊ शकतं. साताऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळालेला परवाना इथे चालत नाही, मग सैन्यातली कारकीर्द कितीही मोठी असो. आपल्याकडची किती कुटुंबं आईवडलांना हौसेने रेंजवर नेतात आणि फोटो टाकतात! कायद्यात काही अपवाद आहेत. त्यातला तुमच्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं. टेक्सास बाहेरच्यांनाही असा परवाना देतं. एरवी त्यासाठी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो, पण २ सप्टेंबर १९७१ च्या आधी जन्मलेल्यांना तो माफ आहे, म्हणजे बाबांना बहुधा लागणार नाही. परवाना आधी काढा, मुदत बघा, तो खिशात असू द्या. आणि हे सगळं करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एक फोन करा. त्याचे पैसे द्यायला का-कू करू नका. बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं, त्यामुळे यात बाबांइतकेच तुम्हीही आहात.

याला जोडूनच. तुमचा कुणी एच-१बीवरचा मित्र ‘तुझं ग्रीन कार्ड आहे, माझ्यासाठी पण एक घे, पैसे मी देतो’ म्हणेल. सरळ नाही म्हणा. दुकानात फॉर्म ४४७३ भरताना पहिल्याच प्रश्नांत ‘खरा खरेदीदार तुम्हीच का’ असं विचारतात आणि तिथे खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा आहे. बाकी तुमची खरेदी सरळ होईल. दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं, राज्याचं ओळखपत्र आणि ग्रीन कार्डावरचा नंबर लागतो, दुकानदार यंत्रणेकडून तुमची पार्श्वभूमी तपासून घेतो. टेक्सासमध्ये खरेदीसाठी वेगळा परवाना नाही. सहकाऱ्याकडून घेतलं तर एकाच राज्यातल्या खासगी व्यवहाराला ही तपासणी सक्तीची नाही, तरी मी दुकानात जाऊन थोडी फी भरून तिथेच नावावर करून घेईन. काकांची बंदूक कुणाकुणाच्या हातून आली हे तुमच्या सहकाऱ्याला तरी ठाऊक आहे का?

आणि हे रिव्हॉल्व्हर पुढेमागे साताऱ्याला न्यायचं स्वप्न पाहू नका. भारतात ९ मिलिमीटर आणि .४५ प्रतिबंधित बोअरमध्ये (बंदी असलेल्या मापांत) मोडतात. .२२ तसं नाही, पण भारतातला परवाना आणि कस्टम्स यांचं काम वेगळंच. शिवाय आपल्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात. अमेरिकेत टपालाने घरी आलेला सिलिंडर ‘नुसता सुटा भाग आहे’ म्हणून बॅगेत टाकून मुंबई विमानतळावर उतरलात तर कोणी तो सुटा भाग मानणार नाही.

बायकोचा विरोध म्हणालात. सहा वर्षांच्या मुलाचं कारण तिने उगाच काढलेलं नाही, आणि तुम्ही पत्रात त्याला एक ओळ दिलीत. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा गुन्हा आहे. खरेदीच्या यादीत रिव्हॉल्व्हरच्या आधी भिंतीला बोल्टने पक्की केलेली तिजोरी लिहा. दुकानातून नव्या बंदुकीबरोबर कुलूप येतंच, ते घालून आत ठेवा. सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरची एक सोय इथे कामी येते : घोडा खाली, झडप उघडी, पुढची कळ दाबून मधली पिन ओढली की सिलिंडर हातात येतो आणि उरतो तो निव्वळ लोखंडाचा सांगाडा. सिलिंडर वेगळ्या कुलपात ठेवता येतो. तुमच्याकडे मात्र दोन असतील, तेव्हा दोन्ही. काडतुसं तिसरीकडे. किल्ल्या किंवा आकडा तुम्हा दोघांनाच. हे आधी करून दाखवा आणि मग तिच्याशी बोला. तिने तरी नाही म्हटलं तर रँचवर सहकाऱ्याच्या बंदुकीने डबे उडवणं चालू ठेवा, त्यात काही बिघडत नाही.

दुकानात गेलात की काउंटरवर एवढं करा. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पहिला सिलिंडर घालून घोडा अगदी सावकाश ओढा. घोडा पूर्ण मागे येण्याआधी खुंटी खाचेत बसल्याचा बारीक टक् आवाज आला पाहिजे. घोडा मागे असताना सिलिंडर चिमटीत धरून हलवा, किंचित हलतो तेवढा चालेल, खुळखुळायला नको. सहाही घरांवर हेच. मग दुसरा सिलिंडर घालून पुन्हा सगळं पहिल्यापासून. दुकानदार वैतागला तर वैतागू दे. दोन्ही सिलिंडर पांढऱ्या कागदासमोर धरून नळीपुढची फट सारखीच दिसते का पाहा. जादा सिलिंडरवर आकडे असतील तर ते क्रमांकाशी ताडून घ्या. आणि पहिल्या दिवशी साध्या .२२ चे तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे पन्नास-पन्नासचे डबे घ्या. प्रत्येक .२२ ची आवड वेगळी असते. कोणत्या डब्याचा गट कागदावर सगळ्यात लहान पडतो ते बघून मगच मोठी पेटी घ्या.